मऊ खाण्याचे दिवस

ग्रोशेर, १४ ऑक्टोबर १९८८

प्रिय मायलिस,

गेले तीन दिवस फोन वाजतोय आणि तो तूच करते आहेस हे मला ठाऊक आहे, कारण इंगालिल गेल्यापासून या घरात फोन करणारं दुसरं माणूस उरलेलं नाही. मी उचलत नाही, कारण माझ्या तोंडात दात नाहीत. खोटेसुद्धा नाहीत. कवळी खिडकीत पेल्यात पडली आहे आणि दोन आठवडे तिला हात लावायचा नाही असं डॉक्टरीणबाईंचं फर्मान आहे. दाताशिवाय मी बोललो तर तुला एक शब्द कळायचा नाही, आणि तू हसशील. म्हणून हे पत्र.

सोमवारी गोथेनबर्गला काम झालं. खालच्या जबड्यात सहा स्क्रू बसवले, टायटॅनियमचे. पंचेचाळीस वर्षं मी ग्रॅनाइटला भोकं पाडली, त्यामुळे माझं सगळं लक्ष त्यांच्या कामावर. पण डॉक्टर रुण्डक्विस्ट बाईंना मानलं पाहिजे. सावकाश, मधून मधून थांबत, सारखं पाणी सोडत. घाई करून हाड तापलं तर ते मरतं म्हणाल्या. आमच्या खाणीत अशी बाई मी हसत ठेवून घेतली असती.

आता वरून हिरडी शिवून टाकली आहे. चार महिने आत हाडाने त्या स्क्रूंना धरायचं, मग फेब्रुवारीच्या शेवटी हिरडी उघडायची आणि धरलं असेल तर पुढे त्यावर दात पक्के बसवायचे. काढायचे नाहीत, घालायचे नाहीत, पेल्यात ठेवायचे नाहीत. पण बाईंनी स्पष्ट सांगितलं की ही एकच संधी आहे. जबडा इतका झिजलाय की हे स्क्रू धरले नाहीत तर दुसरे लावायला हाडच नाही.

का झिजला ते तुला माहीत आहे. तुझ्या आणि इंगालिलच्या बाबांची कृपा. लग्नाच्या आधी एका दुपारी माझे आणि इंगालिलचे, चांगले वाईट सगळे दात उपटून घेतले आणि आहेर म्हणून दोघांना दोन कवळ्या. पुन्हा जन्मात दातांची कटकट नको, म्हणाले. तेव्हा सगळेच तसं करत. मी तेवीस वर्षांचा होतो आणि मला तो मोठा मान वाटला होता.

मी हे का करून घेतोय असं तू मागे विचारलंस आणि मी टाळलं. आता सांगतो. एप्रिलमध्ये आमच्या जुन्या मुकादमाच्या दफनानंतर सगळे कॉफीला जमले होते. मी बोलता बोलता हसलो आणि खालची कवळी सुटून बशीत पडली. कुणी हसलं नाही, तेच वाईट. सगळ्यांनी खिडकीबाहेर बघितलं. त्यानंतर मी कुणाकडे गेलो नाही आणि कुणी मला बोलावलं नाही. मला परत माणसांत बसून जेवायचं आहे, मायलिस, बस एवढंच.

तुझा,
हाल्वार


एस्टरसुंड, २० ऑक्टोबर १९८८

प्रिय हाल्वार,

मी खरंच हसले असते, तेव्हा फोन न उचलल्याचं माफ.

बाबांच्या आहेराबद्दल माझ्याकडे तक्रार करू नकोस. माझं लग्न झालं नाही म्हणून माझे दात वाचले. सत्तराव्या वर्षी तोंडात अठ्ठावीस आहेत आणि ते दाखवायला कुणी नाही.

सोबत डबा पाठवते आहे. बदामाचे छोटे केक आहेत, आईच्या पद्धतीचे, लोण्यात भिजलेले. कॉफीत बुडवलेस की चावायला लागणार नाहीत, नुसती जीभ टाळूला लावायची. इतके कशाला असं म्हणू नकोस. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं तीनशे पोरांचं शिजवल्यावर एका माणसाचं माप मला येत नाही. शिवाय गुरुवारी माझ्याकडे बायका जमतात कॉफीला, सहासात जणी तरी असतात, त्यांच्यासाठी केलेल्यातलेच हे. वेगळे कष्ट नाहीत.

ती बशीची गोष्ट वाचून मला रडू आलं. तू असतास इथे तर माझ्या बायकांनी खिडकीबाहेर नसतं पाहिलं. त्यांनी ती कवळी उचलून धुऊन दिली असती.

जीव जप.
मायलिस


ग्रोशेर, १ नोव्हेंबर १९८८

प्रिय मायलिस,

डबा चार दिवसांत संपला. पोस्टवाल्या सीव्हने तो माझ्या हातात देताना हलवून पाहिला आणि म्हणाली, "हाल्वार, आत एखादी बाई बसलीय का?" मी म्हटलं, जवळजवळ.

मला एक कागद दिलाय, जबडा भरून येईपर्यंत काय खायचं त्याचा. त्यावर मोठ्या अक्षरांत पहिलंच: मऊ खा. आता तू सांग, आपल्याकडे मऊ म्हणजे काय? कडक ब्रेड गेला, खारवलेलं मांस गेलं, सफरचंद गेलं. राहिली तांदळाची खीर, ब्लूबेरीचं गोड सूप, पॅनकेक आणि तुझे केक. आपल्या लोकांनी जे जे मऊ केलं त्यात साखर घातली. उकडलेला बटाटा तेवढा सुटला, पण किती दिवस बटाट्याचं तोंड बघणार?

टाके निघाले. कवळी आतून मऊ करून परत दिली आहे, फक्त दिसण्यापुरती. रक्तही तपासलं, सगळं ठीक.

तुझ्या गुरुवारच्या बायकांबद्दल लिही. त्यांची नावं काय, काय बोलतात. मला इथे दिवसभरात सीव्हचं एक वाक्य ऐकायला मिळतं, तेही ती सायकलवर असताना.

केक इंगालिलच्यासारखे लागले. एक खाल्ला आणि दुसऱ्याला हात घालायच्या आधी मी समोरच्या खुर्चीकडे पाहिलं. ती असती तर डबा उचलून ठेवला असता.

हाल्वार


एस्टरसुंड, २ डिसेंबर १९८८

प्रिय हाल्वार,

दुसरा डबा घे. यात केशराचे पाव आहेत, सणाच्या आधीच भाजले, नीट कापडात गुंडाळलेत म्हणजे मऊ राहतील. एक सांगते, दुधात भिजव, कॉफीत नको, केशराचा वास मरतो.

बायकांचं काय सांगू. एक आहे ग्रेटा, तिला हसताना घोड्यासारखा आवाज येतो. एक आहे उल्ला, ती दर गुरुवारी मरायला टेकलेली असते आणि दर गुरुवारी चार केक खाते. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, आपल्याकडे मऊ म्हणजे काय ते. हसून हसून पुरेवाट झाली. हाल्वारचं पुढचं पत्र कधी, असं आता विचारतात.

इथे बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत आलाय. समोरच्या घरातले लोक पडदे ओढून घेतात तेव्हा चार वाजलेले असतात.

तुझ्या पत्राची वाट बघते. बघतो आम्ही सगळ्या.

मायलिस


ग्रोशेर, ११ जानेवारी १९८९

प्रिय मायलिस,

तुझा ख्रिसमसचा तिसरा डबा वेळेवर मिळाला. नाताळ मी आणि रेडिओने केला. हेरिंग मासा होता, बारीक चिरून खाल्ला. मग तुझा डबा उघडला. सात प्रकार केलेस तू, जसे घरी पाहुणे येणार असले की करतात. मी सातही बशीत मांडले. दोन कप काढले आणि मग एक परत ठेवला.

ग्रेटा आणि उल्ला यांना माझा नमस्कार सांग. मी आता पत्र लिहिताना त्या दोघी हसतील का याचा विचार करतो. हे तुला वेडेपणाचं वाटेल.

डाव्या बाजूला, शेवटच्या दोन स्क्रूंपाशी, जरा ठणकतं आणि गरम लागतं. थंडीमुळे असेल. आरोग्य केंद्रात नर्सने गेल्या आठवड्यात बोटाला टोचलं आणि म्हणाली की माझं रक्त तरण्या माणसासारखं आहे. सत्तावीस फेब्रुवारीला हिरडी उघडणार.

हाल्वार


एस्टरसुंड, २० जानेवारी १९८९

प्रिय हाल्वार,

ठणकतंय तर डॉक्टरीणबाईंना फोन कर. थंडीने हाड ठणकत नाही, निदान ते हाड नाही.

डबा पाठवते आहे, या वेळी जरा लहान. एक विचारायचं होतं. तुला बाकी काही पथ्य सांगितलेलं नाही ना? असेल तर स्पष्ट कळव, म्हणजे मी पाठवणार नाही.

मायलिस


ग्रोशेर, २८ जानेवारी १९८९
(पोस्टकार्ड)

पथ्य काही नाही. पाठव. लहान डबा दोन दिवसांत संपला.
हाल्वार


ग्रोशेर, ४ मार्च १९८९

प्रिय मायलिस,

सोमवारी हिरडी उघडली. उजवीकडून सुरुवात केली. पहिल्या स्क्रूवर बाईंनी हत्याराच्या टोकाने टकटक केलं आणि खणखणीत आवाज आला. तो आवाज मी ओळखतो, सलग दगडाचा असतो. दुसरा तसाच, तिसरा, चौथा. पाचव्याला आवाज बद्द आला. मला बाईंच्या आधी कळलं. त्यांनी चिमट्यात धरला आणि तो नुसत्या बोटांनी फिरला. सहावाही फिरला. दोन्ही बाहेर आले, आणि त्यांच्याभोवती हाडाचा कणही चिकटलेला नव्हता.

मग त्यांनी हातमोजे काढले, खुर्ची ओढून समोर बसल्या आणि म्हणाल्या, "तुमची साखर कशी असते ते खरं सांगा."

तुलाही आता सांगतो. मला मधुमेह आहे, मायलिस. पाच वर्षं झाली. गोळ्या चालू आहेत. स्क्रू बसवायच्या आधी मी फॉर्मवर ते लिहिलं होतं आणि साखर काबूत ठेवीन या अटीवरच त्यांनी हो म्हटलं होतं. नर्सचा आकडा दर वेळी चांगला यायचा, कारण तपासणीच्या आधीचे तीन दिवस मी हेरिंग, बटाटा आणि पाणी यावर काढायचो. पाद्री यायचे म्हटलं की तुमची आई घर झाडून काढायची ना, तसं. ते गेले की पुन्हा पसारा. मला तर वाटायचं की मी शहाणा आहे.

पण आता नवी तपासणी आली आहे, मागच्या तीन महिन्यांची साखर एकदम दाखवते. ती त्यांनी सोमवारी करून घेतली. आकडा त्यांनी माझ्यासमोर ठेवला. मग नीट समजावलं. साखर चढी राहिली की हाडाकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, नवीन हाड घालणाऱ्या पेशी मंदावतात, जंतू लागला तर हटत नाही. हाड भरतं, पण उशिरा आणि कच्चं. "तीन दिवसांचं हेरिंग नर्सला चालतं, हाल्वार, हाडाला चालत नाही," म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चार राहिले आहेत. चारांवर दात बसतात, पण तेवढ्यानेच, त्यातला एक गेला तर खेळ खलास. त्यांनी हिरडी परत शिवून टाकली. मे महिन्यात पुन्हा उघडतील. तोवर साखर खाली आली नाही तर त्यांना हात लावायचा नाही.

डबे पाठवू नकोस. तुझा काही दोष नाही, तुला माहीत नव्हतं, मीच सांगितलं नाही.

हाल्वार


ग्रोशेर, २९ मार्च १९८९

प्रिय मायलिस,

साडेतीन आठवडे झाले. सीव्ह आता फाटकाशी थांबतसुद्धा नाही, लांबूनच मान हलवते. मी तुला दोनदा फोन केला. वाजत राहिला.

तू रागावली असशील तर रागाव, पण लिहून रागाव. डबा नको म्हटलं याचा अर्थ चिठ्ठी नको असा नव्हता. रोज दुपारी तीनला काळी कॉफी घेऊन बसतो आणि बशीत ठेवायला काही नसतं. मला वाटलं होतं की साखर सोडणं अवघड जाईल. ते तितकं अवघड नाही. तीन वाजताची वेळ अवघड आहे.

हाल्वार


एस्टरसुंड, ५ एप्रिल १९८९

प्रिय हाल्वार,

फोन वाजला तेव्हा मी शेजारीच उभी होते. उचलला असता तर मी हे बोलू शकले नसते, आणि न बोलता तुझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या असत्या. म्हणून लिहिते. चौथा कागद आहे हा, तीन फाडले.

मला माहीत होतं. तुला साखर निघाली तेव्हाच इंगालिलने मला कळवलं होतं. ऑक्टोबरमध्ये पहिला डबा बांधताना मला ते आठवलं आणि मी दोरीला गाठ मारली. स्वतःला म्हटलं, जुनी गोष्ट आहे, गोळ्या घेत असेल, एका डब्याने काय होतंय. दुसऱ्याच्या वेळी तेच म्हटलं. जानेवारीत तुझं ठणकण्याचं पत्र आलं तेव्हा मला झोप लागली नाही, म्हणून मी ते पथ्याचं विचारलं. तुला साखर आहे ना, असं सरळ विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण तू हो म्हणाला असतास.

डबा गेला की तुझं पत्र यायचं. डब्याशिवाय तू का लिहिशील, असं मला वाटायचं.

आणि गुरुवारच्या बायका नाहीत. कधीच नव्हत्या. ग्रेटा शाळेत माझ्याबरोबर भांडी घासायची, ती सहा वर्षांपूर्वी वारली. उल्ला कोण ते मलाही माहीत नाही. मी गुरुवारी भाजते कारण शाळेत गुरुवार हा पॅनकेकचा दिवस असायचा आणि हातांना सवय आहे. मग ते सगळं टेबलावर मांडून मी बसते. तुझं पत्र मी मोठ्याने वाचायचे, हे खरं आहे. ऐकायला कुणी नव्हतं, एवढंच.

तुझे दोन स्क्रू मी घालवले. तुला परत माणसांत बसायचं होतं, आणि मी तुला माझ्यासारखंच एकटं ठेवलं. यावर काय म्हणायचं ते मला कळत नाही. तू लिहिलं नाहीस तरी मी समजेन.

मायलिस


ग्रोशेर, १२ एप्रिल १९८९

प्रिय मायलिस,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं आणि मला राग आला. दोन दिवस चांगला सणसणीत राग होता. बंदरापर्यंत चालत गेलो, तिथून खाणीपर्यंत, तुला मनात बरंच काही ऐकवलं. उल्लाचा जास्त राग आला. तिच्यासाठी मी काही विनोद वेगळे काढून ठेवले होते.

पण तिसऱ्या दिवशी मला कबूल करावं लागलं की मी तुला पूर्ण खरं लिहिलेलं नाही.

इंगालिल कुठलंही पत्र पाकिटात घालण्याआधी मला वाचून दाखवायची. बेचाळीस वर्षं तिने तसं केलं, मी ऐकत असो वा नसो. ते पत्रही वाचलं होतं. त्यात लिहिलं होतं की हाल्वारला साखर निघाली आहे, गोड दिसलं की तो लहान पोरासारखा करतो, तेव्हा तू आलीस तर काही आणू नकोस. लहान पोर या शब्दांवरून आम्ही भांडलो होतो. तिने ते खोडलं नाही.

म्हणजे तुला माहीत आहे हे मला माहीत होतं. पहिला डबा उघडताना मला वाटलं, मायलिस विसरली. दुसरा आला तेव्हा मला कळलं की विसरलेली नाही. मी तरी खाल्लं. पथ्याचं विचारलंस तेव्हा तुला माझ्याकडून एक खोटं हवं होतं, ते मी पोस्टकार्डावर दिलं, कारण मलाही डबा यायला हवा होता. आणि मार्चमध्ये तुला माहीत नव्हतं असं लिहिलं ते तुला सुटता यावं म्हणून. तू सुटली नाहीस. तुझ्या जागी मी असतो तर सुटलो असतो.

तेव्हा एक स्क्रू तुझ्याकडे लाव आणि एक माझ्याकडे, आणि हा विषय संपव.

साखर खाली येते आहे. काल नर्सने आगाऊ तपासणी केली, ती नवी, तीन महिन्यांची. महिनाभरातच आकडा बराच हलला आहे. चार अजून ठणकत नाहीत. तसेच धरून राहिलेत की नाही ते बावीस मेला कळेल, आधी कुणीच सांगू शकत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात आशा आहे, आणि त्या उगीच बोलणाऱ्यांतल्या नाहीत. नाहीच धरलं तर उरलेलं आयुष्य खिरीवर आणि सुपावर, तेही बिनसाखरेच्या. भीती वाटते मला. हे मी आणखी कुणाला सांगितलेलं नाही.

भूल दिल्यावर एकट्याला घरी सोडत नाहीत. मागच्या दोन्ही वेळा मी वॉर्डात रात्र काढली, कारण फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाचा रकाना मी रिकामा ठेवला होता. कारकुनाने विचारलं की कुणीच नाही का, मी म्हटलं नाही. या वेळचा फॉर्म काल आला. त्यात मी तुझं नाव लिहिलं आहे, पेनने, म्हणजे आता खोडलं तर वाईट दिसेल.

गाड्यांचं वेळापत्रक सोबत आहे. एकवीस तारखेला निघालीस तर संध्याकाळी पोचशील, मी स्टेशनवर असेन. बोलायला मला जरा वेळ लागेल, कवळी अजून नीट बसत नाही, पण तू समजून घेशील. इथे निजायला इंगालिलची खोली आहे. तीन वाजता कॉफी असेल, सोबत काही नसेल.

आमच्याकडे आजवर मी कुणालाही असं सांगितलेलं नाही, पण तुला सांगतो, मायलिस. येताना हात हलवत ये.

हाल्वार